सवलत सुरू, बंब बंद

घरात 9 वॅटचा दिवा उगाच जळत राहिला, तर आपण लगेच ओरडतो. न्हाणीघराबाहेर गीझरच्या बटणावरचा छोटा लाल दिवा मात्र तासभर पेटलेला असतो आणि येता-जाता कोणीही तो बंद करत नाही.

2015 साली उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले आणि 60 वॅटच्या पिवळ्या बल्बची जागा 9 वॅटच्या दिव्याने घेतली. ही लढाई आपण जिंकलो. पण पुढची लढाई उष्णतेची आहे, आणि तिथे आपण हिशेबच करत नाही. 2 किलोवॅटचा गीझर 20 मिनिटं तापला की जेवढी वीज जाते, तेवढ्यात तो 9 वॅटचा दिवा सलग तीन दिवस आणि तीन रात्री जळतो. थंडीत तेवढ्याच क्षमतेचा रूम हीटर लावला तर तासाला 2 युनिटं, आणि ती ऊब खिडक्यांच्या फटींतून बाहेर. पुण्याच्या थंडीला जाड गोधडी पुरते.

पाणी तापवायला तर आपल्याकडे ऊन आहे. पूर्वी वाड्यांत तांब्याचा बंब पेटायचा. आता गच्चीवर सौरबंब आहे. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवणं यांतलं एक केलं तर पुणे महापालिका मिळकतकरात 5 टक्के सवलत देते, दोन केली तर 10 टक्के. पण कितीतरी सोसायट्यांच्या गच्चीवर काय दिसतं? काचेवर बोटभर धूळ, बोअरच्या क्षारांनी चोंदलेल्या नळ्या, पाइपांवरचं फाटलेलं आवरण. सकाळी नळ सोडला की दोन बादल्या गार पाणी मोरीत जातं, मग माणूस कंटाळून गीझर लावतो. सवलत सुरू, बंब बंद!

सवलत चालत्या बंबाला मिळायला हवी, गंजलेल्या सांगाड्याला नाही. महापालिकेने दरवर्षी गच्चीवर येऊन तपासावं आणि बंद बंबाची सवलत काढून घ्यावी. सोसायट्यांनीही देखभालीच्या खर्चात लिफ्टइतकाच सौरबंबाचा वाटा धरावा.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. येत्या रविवारी गच्चीवर जा, काचा पुसा, नळ्या साफ करायला प्लंबर बोलवा. आणि आंघोळ झाली की तो लाल दिवा आठवणीने बंद करा.