स्वावलंबी क्लच

अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या चिखलोलीच्या माणसाला स्वावलंबनाची सवय लागली आहे. धरणाच्या शेजारी राहून तो टँकर मागवतो, वीज गेली की इन्व्हर्टर लावतो आणि फाटकासमोरचा खड्डा सोसायटीच्याच डेब्रिजने बुजवतो. त्यामुळे गाडीची क्लच प्लेट घासली की पार्किंगमधल्या काकांचा सवाल ठरलेला: "मेकॅनिकला कशाला पैसे देता? घरीच टाका की!"

सामान उल्हासनगरात मिळतं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद गिऱ्हाइकापेक्षा दुकानदारालाच जास्त पाठ असतो. तेव्हा खोका नीट पाहून घ्यावा. पुढचं काम किरकोळ. डिकीतल्या जॅकला टायर बदलण्यापलीकडे काही झेपत नाही, म्हणून गाडी टेकवायला लोखंडी घोडे आणायचे. ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, इंजिनला खालून टेकू द्यायचा आणि भरल्या गॅस सिलिंडरएवढा गिअरबॉक्स आडवं पडून छातीवर उतरवून घ्यायचा. प्लेट केसभर जरी सरकून बसली, तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही. तोवर काका फेरफटक्याला गेलेले असतात. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचे पैसे वाचवले, तर हाच सोहळा पुन्हा.

पण प्लेट घासली कशाने? फ्लॅट घेताना "स्टेशन पाच मिनिटांवर" असं ऐकलं होतं. कुठलं स्टेशन, हे विचारायचं राहून गेलं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं चिखलोली स्थानक कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबर यायचं आहे, आणि ती मार्गिका मुंबईच्या ज्या एमयूटीपी-३अ या रेल्वे प्रकल्पात आहे, त्याला मंजुरी मिळाली २०१९ साली. स्थानक होईपर्यंत लोकल गाठायची तर कल्याण-बदलापूर रस्त्याने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर. रेल्वेच्या दिरंगाईचा हप्ता आपण डाव्या पायाने भरतो आहोत.

काकांना विचारण्याआधी एक करा. मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट शाबूत आहे. गुरगुरत राहिलं तर ती गेली. गेली असेल, तर सामान स्वतः पारखून आणा, पण काम गॅरेजवाल्यालाच द्या. आणि जुनी प्लेट मागून घ्या. स्टेशन लवकर व्हावं म्हणून पुढचं निवेदन द्याल, तेव्हा पुरावा म्हणून तीच जोडा.