चार मतांची पंचाईत

"ऐकलंस का? टेकम्से मतदारसंघाची फेरमोजणी झाली. चार मतं!"

"कुणाची चार?"

"कॉन्झर्व्हेटिव्हच्या त्या बोरेलीबाईंची. आधी ७७ मतांनी पुढे होत्या. न्यायाधीशासमोर एकेक चिठ्ठी उलटून बघितली, तर आघाडी उरली चारची. लिबरलचा कुस्मिएर्चिक चार मतांनी पडला बघ. आणि तिथे राहणाऱ्या आमच्या लेकीच्या घरात मतं किती? ती, जावई, व्याही, विहीणबाई. मोज."

मोजायची गरजच नव्हती. कॅनडाच्या २०२५ च्या संसदीय निवडणुकीचं आगाऊ मतदान ईस्टरच्या सुट्टीत झालं, तेव्हा त्या चौघांनी एनडीपी या डाव्या पक्षाला मत दिल्याची बातमी शेजारच्या काकूंनीच मला दिली होती, तीही याच कुंपणावरून. मेअखेरीस विंडसरमध्ये टोमॅटोची रोपं लावायची घाई असते, पण काकूंचं खुरपं आज नुसतं हवेत चाललं होतं.

"काकू, ती चार तिकडे गेली असती तरी बरोबरीच झाली असती. मग इथे परत मतदान घेतात. आपल्याकडे चिठ्ठी काढतात, २०१७ ला मुंबई महापालिकेच्या एका वॉर्डात काढली होती तशी."

"परत तर परत! संधी तर मिळाली असती. विहीणबाईंना फोन केला, तर म्हणतात कशा, आम्ही तत्त्वाला मत दिलं. मी म्हटलं, दिलंत ना, मग आता बोरेलीबाईंना हळदीकुंकवाला बोलवा."

"असं म्हणालात?"

"मनात म्हणाले गं. लेकीचं सासर आहे ते."

विहीणबाईंचा समाचार घेऊन झाला की तोफेचं तोंड माझ्याकडे वळणार, हे मला माहीत होतं. झालंही तसंच.

"आणि तुम्ही इकडे विंडसर वेस्टमध्ये बरोब्बर उलटा उद्योग केलात. एवढा आपला ब्रायन मॅसी! २००२ पासून निवडून येत होता. ओजिब्वेचं रान राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून विधेयक घेऊन नाचला. त्याला सोडून तुम्ही सगळे लिबरलच्या मागे. निवडून कोण आलं? कॉन्झर्व्हेटिव्हचा गिल! लिबरल आणि एनडीपीची बेरीज निम्म्याहून जास्त, आणि खासदार तिसऱ्याच पक्षाचा."

"काकू, तेव्हा काय चाललं होतं आठवतं ना? तिकडून ट्रम्प रोज एक्कावन्नावं राज्य, एक्कावन्नावं राज्य म्हणत होता. एप्रिलमध्ये मिनीव्हॅनचा कारखाना दोन आठवडे बंद राहिला. ह्यांची पार्ट्सची कंपनी त्याच्यावरच चालते. घरी रात्रीची झोप उडाली होती. अशात कॉन्झर्व्हेटिव्हचा पॉलिएव्ह येऊन बसला असता तर? मी ऑटवात कोण बसणार ते बघून मत दिलं."

"ऑटवात कोण बसणार ते तुला विचारलंच कुणी? तुझ्या चिठ्ठीवर नावं होती मॅसी, पोलॉक आणि गिल. लिबरलच्या कार्नीचं होतं का?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. डोक्यात अख्ख्या देशाचा हिशोब आणि हातात एका मतदारसंघाची पेन्सिल, असं झालं होतं खरं. टीव्हीवर रोज देशाचे आकडे: लिबरल इतके टक्के, कॉन्झर्व्हेटिव्ह इतके, एनडीपी सपाट. ते ऐकून आमच्यासारख्यांनी ठरवलं की डाव्यांनी यंदा लिबरललाच द्यायचं. पण कॉन्झर्व्हेटिव्हला अडवायचं तर विंडसर वेस्टमध्ये मॅसीच धरायला हवा होता, आणि पलीकडे टेकम्सेत लिबरल. त्या चौघांनी इकडे राहायला यावं आणि आम्ही तिकडे, म्हणजे सगळं जमलं असतं. आणि काकू पक्ष बदलतात असंही नाही. पस्तीस वर्षं एनडीपी. त्या चिडणारच.

"तुमच्या नांदेडला वेगळं काय झालं होतं?" मी विषय हलवायचा प्रयत्न केला.

"तेच सांगते! २०१९ ला काँग्रेसचे अशोक चव्हाण पडले भाजपसमोर चाळीसेक हजारांनी, आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला मतं दीड लाखाच्या वर. माझा भाऊ अजून वंचितवाल्या शेजाऱ्याशी धड बोलत नाही. मतं फोडलीत, भाजपची बी टीम आहात, काय काय बोलला त्याला. आणि पुढे? २०२४ च्या फेब्रुवारीत चव्हाणच भाजपात गेले. आता भाऊ कुणावर चिडेल सांग. शेजारी हसतो नुसता."

"मग काकू, तुम्हीही माझ्यावर चिडू नका."

"तुझ्यावर कुठे चिडलेय? मी आमच्या ह्यांच्यावर चिडलेय."

मी लगेच कुंपणाच्या आणखी जवळ सरकले. काकांबद्दल काही असलं की काकू आवाज बारीक करतात.

"परवा जेवताना बोलून गेले. लिबरलला दिलं म्हणे! मला न सांगता! अगं, तोंडात कवळी कुणाची? लिबरलच्या पंतप्रधान ट्रूडोला बाहेरून टेकू देताना एनडीपीने अटच घातली होती, दातांची योजना आणा म्हणून. २०२२ चा करार. म्हणून तर पासष्टीच्या वरच्या, विमा नसलेल्या माणसांना सरकार दातांचे पैसे देतं. कवळी एनडीपीची आणि मत लिबरलला. मी म्हटलं, काढून ठेवा ती आणि मग चावा चकली."

"काय म्हणाले काका?"

"म्हणाले, योजना लिबरल सरकारने आणली. पत्रावर त्यांचंच नाव होतं."

काकांचं अगदीच चुकलं म्हणवत नाही. बाहेरून पाठिंबा देणाऱ्याचं हेच होतं. दातांची योजना, औषधांच्या योजनेची सुरुवात, संपात बाहेरचे कामगार आणायला बंदी, हे सगळं एनडीपीने वसूल केलं; श्रेय मात्र सत्तेवरच्याला गेलं. ट्रूडोवरचा लोकांचा राग तेवढा दोघांनी वाटून घेतला. सप्टेंबर २०२४ मध्ये एनडीपीचा नेता जगमीत सिंगने करार मोडला, तोवर फार उशीर झाला होता. निकालाच्या रात्री तो बर्नबीत स्वतःची जागाही हरला आणि तिथल्या तिथे राजीनामा जाहीर करून मोकळा झाला.

"२५ जागा होत्या गं गेल्या खेपेला," काकू बोटं मोडत म्हणाल्या. "२०११ ला जॅक लेटनने १०३ आणल्या होत्या. आता सात! बारा असल्याशिवाय सभागृहात पक्ष म्हणून धरतच नाहीत. समितीत जागा नाही, प्रश्नोत्तरात हक्काची पाळी नाही, पैसा नाही. वर ज्या उमेदवाराला दहा टक्के पडली नाहीत, त्याच्या खर्चाचा परतावाही बुडाला. अख्ख्या देशात जेमतेम सहा टक्के!"

"पण या निवडणुकीत लिबरल १६९ वर अडकले ना? बहुमताला १७२ लागतात. त्या सातांनाही किंमत येईल."

"येईल. गेल्या वेळीही आली होती. काय झालं ते सांगितलं ना आत्ता, कवळीचं."

मग मी मला खुपणारी गोष्ट काढली. "सगळं खापर माझ्यासारख्यांवर का फोडता? ह्यांच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीला कोण काय बोलत होतं, विचारा. युनियनची माणसं, बापजाद्यांपासून एनडीपीवाली, ती लिबरलकडे नाही गेली. सरळ पॉलिएव्हकडे गेली. घरभाडं, किराणा, कार्बन कर यावर तोच बोलत होता. आम्ही घाबरून लिबरलला दिलं, त्यांनी चिडून तिकडे दिलं. मॅसी मधल्या मध्ये सापडला."

काकू जरा गप्प झाल्या. त्यांच्या गल्लीतच दोन घरांसमोर कॉन्झर्व्हेटिव्हच्या निळ्या पाट्या होत्या, दोन्ही घरं कारखान्यातल्या कामगारांची. दर दिवाळीला काकू तिथे फराळ पाठवतात.

"हे बाकी खरं," त्या म्हणाल्या. "पण त्यांना घाबरवून परत आणता येत नाही ना. तुम्हाला येतं. दर वेळेला तुम्हालाच घाबरवतात. कॉन्झर्व्हेटिव्हचा हार्पर येईल, मग शीअर येईल, मग ओटूल येईल, आता हा. लिबरलचा जाहीरनामाच आहे तो. २०१५ ला ट्रूडो काय म्हणाला होता? ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो खासदार, या पद्धतीची ही शेवटची निवडणूक. २०१७ च्या फेब्रुवारीत गुंडाळून ठेवलं. आणि यंदा जानेवारीत जाताना म्हणतो, तेवढं राहून गेलं."

"कसं करतील? आमच्या भीतीवर तर दुकान चालतं."

"बघ, आता बोललीस! ऑटवाजवळ पॉलिएव्हच्या मतदारसंघात काही लोकांनी या पद्धतीचा निषेध म्हणून इतके उमेदवार उभे केले की एकूण ९१ झाले. मतपत्रिका पदराएवढी लांब. तो पडला तिथे, ते वेगळ्या कारणाने. पण मला आवडली हो ती कल्पना. आपण विंडसरमध्ये असं केलं तर? मी उभी राहते."

"आणि काकांनी तुम्हाला मत नाही दिलं तर?"

"कवळी माझ्याच हातात असते रात्री."

आतून काकांनी हाक मारली, चहा झाल्याची. काकूंनी खुरपं मातीत रोवलं आणि दोन पावलं जाऊन परत आल्या.

"हे बघ, रविवारी लेक आणि तिची सासरची मंडळी जेवायला येताहेत. तुम्हीही या. पण चार मतांचा विषय काढू नकोस हं, विहीणबाईंना झोंबेल."

"नाही काढणार."

"आणि काढलासच, तर मी पोळ्या लाटत असताना नको. मी बाहेर येऊन बसले की काढ."