पाँडरचा कर्ता

इंग्रजीतली काही क्रियापदं ट्रंकेत ठेवलेल्या पैठणीसारखी असतात. ती आपल्याकडे आहे याचं समाधान मोठं, पण नेसायचा प्रसंग काही येत नाही. 'पाँडर' हे त्यातलंच. खोल विचार करणे, मनाशी तोलून पाहणे हा त्याचा अर्थ शाळेपासून पाठ असतो. वजनाच्या लॅटिन शब्दापासून ते आलं, म्हणजे पूर्वीच्या मापांतला पौंड हा त्याचा चुलतभाऊ. माझी सगळी नोकरी इंग्रजीत टिपणं लिहिण्यात गेली, पण त्यात हे क्रियापद एकदाही आलं नाही. ऑफिसात 'कन्सिडर' चालतं. 'पाँडर' लिहिलं असतं, तर साहेबांनी आधी माझ्या प्रकृतीची चौकशी केली असती.

हल्ली मी बंगळूरला, इंदिरानगरात मुलीकडे असतो. पाचवीतल्या नातीला गृहपाठ आला: 'पाँडर' वापरून वाक्ये करा. तिने लगेच लिहिलं, 'आय पाँडर अबाउट माय होमवर्क.' मुलगी म्हणाली, "अबाउट काढ." जावई म्हणाले, "त्याच्या जागी ओव्हर घाल." मी काहीच म्हणालो नाही. सासऱ्याने जावयाच्या शब्दयोगी अव्ययांत पडू नये.

खरं म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. पाँडरला थेट कर्म चालतं, 'पाँडर द क्वेश्चन'. मधे 'ओव्हर' किंवा 'ऑन' आलं तरी कोणी हरकत घेत नाही. पुढे 'व्हेदर', 'हाउ', 'व्हाय' यांपैकी काहीही बसतं. 'पाँडर टु गो' मात्र नाही. 'कंटेम्प्लेट' हा त्याचा भाऊ जास्त सोवळा. त्याला मधे अव्यय खपत नाही, आणि पाठोपाठ क्रियापद यायचं असेल तर त्याने 'इंग' लावूनच यावं. 'कंटेम्प्लेट सेलिंग द फ्लॅट' बरोबर, 'कंटेम्प्लेट टु सेल' चूक. एवढं सोवळं, तेही फ्लॅट विकायच्या नुसत्या विचाराला!

आता हे 'अबाउट' येतं कुठून? आपल्या घरातूनच येतं. मराठीत विचार करायचा तर तो कशाचा तरी, कशावर तरी, कशाबद्दल तरी करावा लागतो. तो 'बद्दल' मग इंग्रजीच्या उंबऱ्यावर चप्पल न काढता आत शिरतो. हिंदीवाला 'के बारे में' घेऊन येतो, कन्नडिग 'बग्गे' घेऊन येतो. आमच्या सोसायटीच्या सभेत टँकरच्या खर्चावर एकमत होत नाही, पार्किंगवर होत नाही, भटक्या कुत्र्यांवर तर मुळीच होत नाही. पण शेवटी सगळे प्रांत एका सुरात म्हणतात, 'लेट अस डिस्कस अबाउट इट.' व्याकरणाची पुस्तकं या 'अबाउट'ला पिढ्यान्‌पिढ्या हाकलताहेत. राष्ट्रीय एकात्मतेची इतकी चिवट खूण हाकलावी कशाला, असं मला आपलं वाटतं.

माझी अडचण कर्त्यापाशी आहे. इंग्रजी वाक्यात विचार करणारा इसम सर्वांत पुढे, पाटावर बसल्यासारखा बसलेला असतो. 'आय पाँडर.' आपल्याकडे माणूस इतका पुढे येत नाही. त्याला 'वाटतं', त्याच्या 'मनात येतं', आणि प्रकरण फारच गंभीर असेल तर तो विचारात 'पडतो'. पडणाऱ्याने मिरवायचं काय? शिवाय 'आय अ‍ॅम पाँडरिंग' असं कोणी सांगू लागला, की तेवढा वेळ त्याचं चिंतन थांबलेलंच असतं. म्हणून हे क्रियापद शोभतं ते दुसऱ्याबद्दल, आणि तेही भूतकाळात.

मग इंदिरानगरात असा दुसरा शोधायचा कुठे? इथे दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. शंभर फुटी रस्त्यावर काल कपड्यांचं दुकान होतं तिथे आज कॉफी मिळते. पत्ता सांगताना मी जरा अडखळलो, की रिक्षावाला म्हणतो, "योचने माडबेडि, सर." योचने म्हणजे विचार आणि चिंताही. दोन्ही करू नका, असा त्याचा सल्ला. वेळ आणि वजन लागणारं क्रियापद या रस्त्यावर कोणाला लावणार?

नातीनेच उत्तर काढलं. "इंदिरानगरचा गुंडा!"

2021च्या त्या जाहिरातीत ट्रॅफिकमध्ये अडकलेला राहुल द्रविड शेजारच्या गाडीचा आरसा बॅटने फोडतो आणि आपण इंदिरानगरचे गुंड असल्याची गर्जना करतो. सगळा देश हसला, कारण तो माणूस असं कधीच करणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. जन्म इंदूरचा, घर मराठी, वाढला बंगळूरात. कसोटीत तो 31,258 चेंडू खेळला. इतके दुसरा कोणीही खेळलेला नाही. 2011मध्ये कॅनबेराला त्याने ब्रॅडमन व्याख्यान दिलं. तो मान मिळालेला तो पहिलाच बिगर-ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू. पाँडरला याहून चांगला कर्ता कुठला?

तिने लिहिलं, 'द्रविड पाँडर्ड द बॉल अँड लेफ्ट इट.' कर्ता उत्तम, कर्म थेट, अबाउट नाही. पण जावयांनी हिशेब मांडला. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटपाशी येतो. तेवढ्यात सोडता येतो, तोलता कसा येईल?

यावर घरात वाद झाला. माझं म्हणणं, की तोलणं आधीच झालेलं असतं: गोलंदाज परत चालत जातो तेव्हा, षटक बदलतं तेव्हा, आदल्या रात्री. चेंडूवर नुसती सही करायची उरते. जावई म्हणाले, हे क्रिकेट नाही, फाइल आहे. मुलगी म्हणाली, दोघेही जेवायला चला.

आमची वाट न पाहता नातीने ते खोडलं आणि 2004ची रावळपिंडी घेतली. तिथे द्रविडने 740 मिनिटं उभं राहून 270 धावा केल्या, आणि पाकिस्तानात आपण पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकलो. 'इन रावळपिंडी, द्रविड पाँडर्ड फॉर ट्वेल्व्ह अवर्स अँड ट्वेंटी मिनिट्स.' हे वाक्य कर्माशिवायही व्याकरणात बसतं.

वही परत आली. बाईंनी बरोबरची खूण केली होती आणि समासात लिहिलं होतं, 'व्हॉट डिड ही पाँडर?'

नात म्हणाली, "आता ते त्यालाच विचारायला हवं. इथेच कुठेतरी असेल."