खुर्चीच्या चित्राचं रसग्रहण : नवशिक्यांसाठी

मुलाकडे अमेरिकेला गेलात की वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत एक दिवस जातोच. तिथल्या ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या संग्रहातलं जलरंगातलं चित्र पुढ्यात आलं, तर घाबरू नका. चित्रात शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची लाकडी खुर्ची आहे. माणूस नाही, मांजर नाही, खिडकीतलं ऊनही नाही.

१. आधी पाटी वाचा, मग चित्र पाहा. उलट केलंत तर नुसती खुर्ची दिसेल आणि तिथेच फसाल.

२. दोन पावलं मागे सरा, मान कलती, डोळे बारीक. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर ही पायरी आपोआप जमते.

३. हळूच म्हणा, “रिकामेपण.” आणि गप्प राहा. शेकर लोक केर काढताना खुर्च्या भिंतीवरच्या खुंट्यांना टांगत, म्हणून त्या हलक्या नि सुटसुटीत, हे ठाऊक असलं तरी बोलू नका. गप्पांत केरसुणी आली की रसग्रहण संपलं.

४. चित्रकाराचं अंतर्मन शोधा. ते सापडणं अवघड आहे. १९३५ ते १९४२ दरम्यान, महामंदीत काम गेलेल्या चित्रकारांना पगार देऊन सरकारने अशी सुमारे १८,००० चित्रं करवून घेतली. वस्तू आहे तशी उतरवायची, पदरचं काही घालायचं नाही, अशी शिस्त. रंगीत छायाचित्रांचा तेव्हा भरवसा नव्हता. बिचाऱ्याने बैठकीची वीण न् वीण पातळ रंगांनी टिपली. तुम्ही त्यालाच “मुक्त आविष्कार” म्हणा. तो काही हरकत घ्यायला येत नाही.

५. व्हॅन गॉगचं नाव घ्याच. त्याची खुर्ची १८८८ची, तीही तैलरंगातली. चालतं.

६. पाय दुखतात? कळतं हो. पण दालनातल्या बाकावर टेकू नका. बसायच्या वस्तूचं रसग्रहण उभ्यानेच करायचं असतं.

७. नातवाला घरी ठेवा. अशा काही खुर्च्यांच्या मागच्या पायांना खाली लाकडी गोळे असतात, रेलून बसलं तरी जमिनीवर ओरखडा पडू नये म्हणून. ते त्याला पहिल्या फटक्यात दिसतील आणि तो मोठ्याने विचारेल. लहान मुलांना अजून रसग्रहण येत नाही. ती चित्राकडे बघतात.