स्थळप्रत

मराठी पुस्तक चोरणारा माणूस बहुधा सद्गृहस्थ असतो. पहाटे उठून सोसायटीला चार फेऱ्या मारतो, नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवतो, पूजा आटोपतो आणि नऊच्या सुमारास कुणा हयात लेखकाची चारशे पानांची कादंबरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून देतो. खाली हात जोडल्याची तीन चित्रं आणि ‘सर्वांनी लाभ घ्यावा’. चौथ्या मिनिटाला कुणीतरी लिहितं, ‘अप्रतिम!’ पानं चारशे आहेत, हे पुन्हा सांगतो.

आमच्या ग्रुपवरचे हे सद्गृहस्थ म्हणजे एक काका. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात उभी हयात गेली आणि तिथून त्यांनी कधी पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही. असा त्यांचा लौकिक आहे, आणि तो खराही आहे. मीटरवर वीस रुपये जास्त मागणाऱ्या रिक्षावाल्याशी ते अस्खलित कन्नडमधून भांडतात, तेसुद्धा पैशांसाठी नव्हे, तत्त्वासाठी. पीडीएफचा विषय काढला की मात्र तत्त्व बाजूला राहतं. “अहो, मी विकतोय का? वाटतोय!” विकलं तर पाप आणि वाटलं तर पुण्य, असा त्यांचा साधा हिशोब आहे.

बेंगळुरूच्या मराठी माणसाजवळ पूर्वी एक सबब असायची: इथे मिळत नाही. आणि ती खोटी नव्हती. पुस्तकांच्या बाबतीत हे शहर श्रीमंत आहे. चर्च स्ट्रीटवर ब्लॉसम आणि बुकवर्म आहेत, ब्रिगेड रोडच्या आडोशाला 1945 पासूनचं सिलेक्ट आहे, गांधीनगरात सपनाचे मजलेच्या मजले आहेत. प्रीमियर बुकशॉपचे शानभाग छतापर्यंत रचलेल्या ढिगातून मागाल ते पुस्तक नेमकं ओढून काढायचे आणि बाकीचा ढीग जागचा हलायचा नाही. ते दुकान 2009 मध्ये बंद झालं. पण या सगळ्या ढिगांत मराठी शोधायला कुणी जात नसे. मराठी पुस्तक यायचं ते उद्यान एक्स्प्रेसनं, पाहुण्याच्या बॅगेतून, बाकरवडीच्या वासासकट. मग ते चार घरांत फिरायचं आणि पाचव्या घरी कायमचं राहायचं.

आता ती सबब उरलेली नाही. बुकगंगाच्या संकेतस्थळावर मागवलं की पुस्तक दारात येतं. किंडलनं डिसेंबर 2016 मध्ये भारतीय भाषांची पुस्तकं अधिकृतपणे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या पाच भाषांत हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्या बरोबरीनं मराठी होती. कन्नड नव्हती! ज्या गावात त्याच ॲमेझॉनचे इंजिनिअर हजारोंनी राबतात, त्या गावची भाषा यादीबाहेर आणि पाहुण्यांची भाषा आत. एखाद्या कन्नड वाचकानं ‘आमचं मिळतच नाही’ म्हणून पीडीएफ उतरवून घेतली असती, तर निदान त्याला तोंड होतं. आम्हाला तेही नाही.

तशी आमच्या ग्रुपमध्ये निम्मी मंडळी सॉफ्टवेअरमधलीच. एक मुलगी पैसे भरल्याशिवाय सिनेमा दिसू नये अशी डिजिटल कुलपं बनवणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर ती कुलपं घडवते आणि संध्याकाळी ग्रुपवर विचारते, “काका, याचा दुसरा भाग आहे का?”

त्या पीडीएफकडे एकदा नीट बघावं. बहुतेक वेळा ती फोननं काढलेली असते. प्रत्येक पानाच्या तळाशी कॅमस्कॅनरचा शिक्का. (2020 च्या जूनमध्ये सरकारनं 59 चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात हे ॲपही होतं. ते गेलं, पण त्यानं टिपलेली पानं अजून हिंडताहेत.) डाव्या कोपऱ्यात पान दाबून धरणारा अंगठा. नखाला नेलपॉलिश असलं तर आमच्या काकू म्हणतात, “बिचारीनं केवढी मेहनत घेतलीये!” मुखपृष्ठ असतं, अर्पणपत्रिका असते, मधलं एक पान मात्र हमखास नसतं. तेच, ज्यावर प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती आणि ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापलेलं असतं. अंगठ्याच्या मालकिणीला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं, असं मला तरी त्यावरून वाटतं. शेवटी, ती जिथून आली त्या टेलिग्राम चॅनेलवाल्याची तळटीप: ‘फक्त वाचनासाठी. आवडल्यास विकत घेऊन लेखकाला प्रोत्साहन द्या.’

या चोरीचं एक वैशिष्ट्य दुसऱ्या कुठल्या चोरीत सापडणार नाही. चोरीचा माल कुणी वापरतच नाही. संक्रांतीच्या वाणातला प्लॅस्टिकचा डबा जसा झाकणही न उघडता या घरून त्या घरी जातो आणि कधीतरी मूळ घरी परत येतो, तशी पीडीएफ फिरते. काकांच्या फोनमध्ये काही हजार पुस्तकं असावीत. हल्लीच त्यांचा फोन ‘जागा शिल्लक नाही’ म्हणायला लागला, तर त्यांनी नातवाचे फोटो काढून टाकले आणि पुस्तकं ठेवली. “यातलं कुठलं वाचलंत?” असं मी विचारलं, तर म्हणाले, “आता निवांत वेळ मिळाला की.” निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटलाय.

मग वाचतच नाहीत, तर नुकसान कोणाचं? हा प्रश्न काका मला विचारतात तेव्हा ते जिंकल्यासारखे दिसतात. नुकसान होतं, कारण मराठी पुस्तकाचा पसाराच लहान. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ही एके काळी साधी गोष्ट होती. आता बरेच प्रकाशक पाचशेवरच थांबतात. त्यातून कागद, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रकार, गोदामाचं भाडं आणि विक्रेत्याचं कमिशन सुटलं की तीनशे रुपयांच्या पुस्तकामागे लेखकाच्या हाती तीस-पस्तीस रुपये पडायचे. इथल्या दर्शिनी उपाहारगृहात एक फिल्टर कॉफी, फार तर दोन. इंग्रजी बेस्टसेलरच्या लाखभर प्रतींतून दोनशे गळाल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पाचशेतून दोनशे गळाल्या की दुसरी आवृत्ती राहतेच, त्या लेखकाचं पुढचं पुस्तकही ‘बघू’ या सदरात जातं. आणि ‘अप्रतिम’ लिहिणाऱ्यांत दोनशे तरी असे असतात, ज्यांनी एरवी कुणाच्या वाढदिवसाला का होईना, ते पुस्तक विकत घेतलं असतं.

एम. जी. रोडच्या सिग्नलवर विकली जाणारी चोरटी पुस्तकं मला त्या मानानं प्रामाणिक वाटत आली आहेत. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली, शाई पुसट, मधली सोळा पानं गायब. पण त्या धंद्याला अक्कल होती: खपेल तेच छापायचं. तिथे मराठी पुस्तक कधी दिसलं नाही. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर ‘मृत्युंजय’ला तो मान मिळतो. फुकट वाटणाऱ्यांनी मात्र असा भेदभाव कधी केला नाही. त्यांनी न खपणाऱ्या लेखकांनाही बरोबरीनं लुटलं.

कायदा काय म्हणतो, ते काकांना मी एकदा ऐकवलं होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63: 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. धंदा म्हणून केलं नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकतं, ही खालची ओळ मी गाळली. काकांनी लगेच दिल्ली विद्यापीठाचा खटला काढला. बड्या विदेशी प्रकाशकांनी तिथल्या फोटोकॉपीच्या दुकानावर दावा लावला होता आणि 2016 मध्ये उच्च न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं कौल देताना कॉपीराइट हा काही दैवी हक्क नव्हे, अशा अर्थाचं म्हटलं होतं. हे सगळं खरं. फक्त तो निकाल विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या पानांपुरता होता, नवी कादंबरी अख्खी वाटण्याविषयी नव्हता. निकालपत्राची पीडीएफही काकांकडे आहे. तीही निवांत वेळेची वाट बघतेय.

लेखक गेल्यानंतर 60 वर्षं हक्क टिकतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 2011 उजाडल्यापासून ‘श्यामची आई’ कुणीही छापावी, कुणीही वाटावी. धारवाडचे जी. ए. 1987 मध्ये गेले, त्यांच्या कथा मोकळ्या व्हायला 2048 उजाडेल. माझं काकांना एवढंच मागणं आहे की वाटायचं तर गुरुजींना वाटा. त्यावर ते म्हणाले, “ते सगळ्यांकडे असतंच हो.”

मात्र या गोष्टीची दुसरी बाजू याच शहरात घडली आहे आणि तिथे माझं मन काकांकडे झुकतं. 2003 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं उद्घाटन झालं. कारभार इथल्या भारतीय विज्ञान संस्थेकडे. मागे कार्नेगी मेलनचे राज रेड्डी आणि त्यांचं दहा लाख पुस्तकांचं स्वप्न. देशभर यंत्रं बसली, वाचनालयांतून पुस्तकं ओढून आणली गेली, आणि स्कॅन करणाऱ्यांनी हयात लेखक कोण, दिवंगत कोण, याची फार चौकशी केली नाही. सरकारी काम ते. नोंदीत मराठी नावं रोमन लिपीत अशी उमटली की लेखकानंही स्वतःला ओळखू नये. बऱ्याच ठिकाणी लेखकाच्या रकान्यात नुसतं ‘नॉट अव्हेलेबल’. पुढे कॉपीराइटच्या कारणावरून ते संकेतस्थळ बंद झालं. तोवर कार्ल मालामुड नावाच्या अमेरिकन गृहस्थानं त्यातली चार लाखांहून जास्त पुस्तकं उतरवून घेऊन 2017 च्या सुमारास इंटरनेट अर्काइव्हवर ठेवली होती. म्हणजे सरकारनं आधी विचारलं नाही, मग घाबरून दार लावलं, आणि परक्या माणसानं ट्रंक खिडकीतून बाहेर काढली.

त्या ट्रंकेत काय आहे, ते मी रात्री बघत बसतो. 1893 पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे शिक्के असलेली कितीतरी पुस्तकं. त्यावर जांभळ्या शाईत ठसठशीत उमटवलेलं: ‘स्थळप्रत’. म्हणजे वाचनालयातच बसून वाचा, घरी न्यायला मिळणार नाही. त्या शिक्क्यासाठी कुणा ग्रंथपालानं किती वाचकांशी हुज्जत घातली असेल! आणि आता ती स्थळप्रत सॅन फ्रान्सिस्कोच्या यंत्रात आहे, व्हाइटफील्डच्या बाराव्या मजल्यावर माझ्या उशाशी आहे. पान दोनदा स्कॅन झालंय, पुढचं वाकडं आलंय, समासात कुणाची तरी पेन्सिल: ‘साफ चूक!’ यातली निम्मी पुस्तकं छापायला आज एकही प्रकाशक धजावणार नाही. नवी आवृत्ती काढायची नाही, ई-बुक करायचं नाही, हक्क कुणाकडे ते सांगायचं नाही आणि वर कुणी वाचलं तर चोर म्हणायचं, हे मला पटत नाही. नव्या पुस्तकाची पीडीएफ ही चोरी. मेलेल्या पुस्तकाची पीडीएफ ही चोरी असेल तर कायद्याच्या पुस्तकात असो बापडी.

2025 मध्ये एक बातमी ग्रुपवर गाजली. अँथ्रॉपिक नावाच्या अमेरिकी एआय कंपनीनं चोरट्या संग्रहांतली पुस्तकं उतरवून घेतल्याच्या दाव्यात दीड अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, पुस्तकामागे साधारण 3,000 डॉलर. ग्रुपवरच्या एका कवीनं तत्काळ आपले तीन संग्रह गुणून दाखवले. मग कळलं की त्यासाठी पुस्तक अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदवलेलं असावं लागतं. कवी त्या दिवसापासून यंत्रांच्या विरोधात आहेत.

मध्यंतरी पुण्याचे एक लेखक इथे कार्यक्रमाला आले होते. भाषण झाल्यावर पुस्तकांच्या टेबलाशी तुरळक गर्दी. आमचे काका पुढे सरसावले, लेखकाला वाकून नमस्कार केला, म्हणाले, “सर, तुमची सगळी पुस्तकं आहेत माझ्याकडे,” आणि सहीसाठी फोन पुढे केला. पडद्यावर मुखपृष्ठ, मोठं करून. लेखकानं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या गठ्ठ्याकडे. मग शांतपणे पेनाचं टोपण लावलं आणि बोटानं पडद्यावर सही केली. पान उलटलं गेलं. “अरे वा, चाळलंत की,” काका म्हणाले.

यंदा काकांनी स्वतःच पुस्तक काढलं. चारधाम यात्रेचं, पदरचे पैसे घालून, तीनशे प्रती. दुसऱ्याच पानावर चौकटीत कलम 63 संपूर्ण, दंडाच्या आकड्यासकट. खोकी ट्रान्सपोर्टनं आली आणि दिवाणाखाली गेली. ग्रुपवर घोषणा झाली, अंगठ्यांचा पाऊस पडला, आणि कुलपं बनवणाऱ्या त्या मुलीनं विचारलं, “काका, पीडीएफ टाकता का?” काकांनी दोन दिवस ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

महिनाभरानं कुठल्याशा टेलिग्राम चॅनेलवर ते पुस्तक आलंच. काका संतापतील म्हणून मी भेटायला गेलो, तर ते मला किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा दाखवत होते. नंतर पानं बघता बघता बिनसलं. स्कॅन तिरकं, केदारनाथचं प्रकरण अर्धंच, आणि काकूंचा बद्रीनाथचा फोटो मधोमध कापलेला. काका चॅनेलवाल्याला खरमरीत निरोप लिहायला बसले: कायद्यानं हा गुन्हा आहे, तरी सोबत शुद्ध प्रत पाठवत आहे, कृपया बदलून घ्यावी.

काकू आतून चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “लिहिताय ते लिहा, पण त्यांना म्हणावं, एवढी हौस आहे तर दिवाणाखालची खोकीही घेऊन जा.”