मुलाकडचा बंपर

(पिंपळनेर. लग्नमंडपामागचं मैदान. मंडळी बोलताहेत ती दोन गाड्यांच्या मधे उभी राहून.)

नवरदेवाचे काका : तुमची गाडी इथे उभी होतीच कशाला?

नवरीचे मामा : वा पाहुणे! उभी होती म्हणून तुम्हाला सापडली तरी.

निवृत्त एसटी ड्रायव्हर : थांबा. आधी कोणाला लागलंय का ते बघा. अल्टोत कोण होतं?

मामा : माणूस कोणी नाही. मागच्या सीटवर रुखवताचे लाडू आहेत.

ड्रायव्हर : लाडू शाबूत असतील तर पुढचं बोलू.

काका : लाडवांचं काय घेऊन बसलात? आमचा बंपर बघा! एक महिन्याची गाडी. सीटांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

ड्रायव्हर : आरशांवरचंही राहिलेलं दिसतंय.

काका : अहो, मागे कॅमेरा आहे गाडीला! जवळ काही आलं की टीं-टीं वाजतं.

ड्रायव्हर : मग वाजलं नाही?

काका : वाजत होतं. मला वाटलं, बँडवाल्यांचं काहीतरी चाललंय.

ड्रायव्हर : नवापूरहून चरणमाळचा घाट चढून आलात, गाडीला ओरखडा नाही. आणि या सपाट मैदानात, जिथे आंधळ्यालाही गाडी लावता येईल, तिथे दार चेपलंत.

काका : हे बघा दादा, एक लक्षात घ्या. आम्ही मुलाकडचे.

ड्रायव्हर : हो. पण गाडी मागे तुम्हीच घेत होतात ना?

काका : मुलाकडच्यांनी घेतली म्हणून काय झालं?

ड्रायव्हर : साक्री डेपोत आयुष्य गेलं माझं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं १३४ वं कलम मला पाठ आहे. त्यात ड्रायव्हर आहे, पोलीस आहे, विमा कंपनी आहे. मुलाकडचे कुठेच नाहीत. २०१७ साली गाडी चालवायचे नवे नियम आले, त्यांतही मागे घेणाऱ्यानेच मागचं बघून घ्यायचं आहे. मागे मुलीकडचं कोणी असेल तर खुशाल या, असं लिहिलेलं नाही.

(एक म्हातारबा काठी टेकत येतात.)

म्हातारबा : काय व्हयनं रे भो?

ड्रायव्हर : काही नही बाबा, गाडीले गाडी लागनी.

म्हातारबा : कोनी? नवरदेवकडनी का नवरीकडनी?

ड्रायव्हर : नवरदेवकडनी लागनी.

म्हातारबा : मंग नवरीकडनास्नीच चूक व्हई.

(जातात.)

काका : ऐका! जाणत्या माणसाने सांगितलं.

मामा : त्यांना मोतीबिंदू आहे.

ड्रायव्हर : गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा. दोन्ही नंबरप्लेटा एकाच फोटोत यायला हव्यात.

रीलवाला पोरगा : नाना, मी अख्खा व्हिडिओ काढलाय. काका ‘उभी होतीच कशाला’ म्हणतात तिथपासून. फक्त गाणं टाकायचं बाकी आहे.

ड्रायव्हर : गाणं नको. सर्व्हेअर नाचत नसतात.

काका : डिलीट कर रे ते! मी तर गाडी गपचूप पुढे घेऊन पलीकडे लावणार होतो. हे कारटं ओरडलं म्हणून ही गर्दी.

ड्रायव्हर : मालक जवळ नसला तर काचेवर नाव-नंबराची चिठ्ठी ठेवायची असते.

काका : चिठ्ठी? मुलाकडच्यांनी? मुलीकडच्यांच्या काचेवर?

ड्रायव्हर : स्वतःच्या मागच्या काचेवर ‘अमुक वेड्स तमुक’ एवढ्या मोठ्या अक्षरांत चिकटवलंत. त्याखाली मोबाईल नंबर टाकला असता तरी भागलं असतं. असो. लायसन्स काढा, पॉलिसी काढा.

काका : मुलाकडच्यांचं लायसन्स तपासणार? साखरपुड्याआधी पत्रिका पाहिली ना यांनी?

ड्रायव्हर : पत्रिका नवरदेवाची पाहिली. गाडी तुम्ही चालवत होतात.

काका : (लायसन्स देत) बरं, अल्टोचा इन्शुरन्स आहे ना? मग त्यातूनच आमचा बंपर करून द्या. कोणाच्या खिशाला चाट नको.

मामा : आमचा नुसता थर्ड पार्टी आहे.

ड्रायव्हर : तेवढा सक्तीचाच आहे. तो नसला तर पहिल्याच खेपेला २००० रुपये दंड. पण काका, त्यातून दुसऱ्याचं नुकसान भरतात, तेही अल्टोची चूक असेल तर. चूक करायला गाडी निदान चालू तरी असायला लागते.

काका : आमचा फुल इन्शुरन्स आहे.

ड्रायव्हर : आहे ना. पण तुमचं इंजिन मोठं, त्यामुळे बंपरच्या क्लेममधले पहिले २००० तुमच्याच खिशातून. शिवाय क्लेम न करता वर्ष काढलं की पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, पाच वर्षं काढली की ५० टक्के. पहिल्याच महिन्यात ओरखड्यासाठी ती घालवू नका. आणि अल्टोच्या दाराचा खर्च तुम्ही रोख द्या, विषय मिटला.

काका : म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना पैसे मोजायचे? भरमांडवात? लोक काय म्हणतील?

ड्रायव्हर : म्हणतील, चूक केली आणि भरून दिली. नवीन आहे, चार दिवस चर्चा होईल.

काका : आणि नाही दिले तर?

ड्रायव्हर : पोलीस हजर नसले तर २४ तासांच्या आत ठाण्यात जाऊन सांगायचं. ते टाळलं तर ५००० दंड, नाहीतर सहा महिने. ठाण्यात जायचं नसेल तर आपसात मिटवा. पण लिहून मिटवा.

काका : लग्नात पोलिसाची भाषा! मामा, तुम्ही दोन शब्द माफीचे बोलून टाका, आम्ही मोठ्या मनाने सोडून देतो.

मामा : मी माफी मागू? दार माझं चेपलं!

काका : मागायची पद्धत असते. मुलीची बाजू आहे तुमची.

मामा : आमच्याच पैशाच्या गाडीने आमचंच दार चेपायचं, आणि वर माफी आमचीच?

काका : तुमच्या पैशाची? सांभाळून बोला.

मामा : डाऊन पेमेंट कोणी भरलं? भाऊजींचा अर्धा कांदा चाळीत सडला. उरलेल्यासाठी उपबाजारात ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढली. ते पैसे घरी न आणता थेट शोरूममध्ये भरले. पावतीवर नाव मात्र तुमच्या घरचं.

काका : ती भेट होती. आम्ही तोंडाने मागितली नाही.

मामा : ‘आमचा मुलगा काय मोटारसायकलवर सासरी येणार?’ हे साखरपुड्यात कोण म्हणालं?

काका : ते मी आपलं सहज बोललो.

ड्रायव्हर : हॉर्नही सहजच वाजवतात काका. पुढचा बाजूला होतोच.

काका : तुम्ही मधे पडू नका. तुम्ही कोणाकडचे?

ड्रायव्हर : मी जेवायला आलोय. पण आता ऐकाच. बंपरचा कायदा १९८८ चा. याचा त्याहून जुना, १९६१ चा. बंपरवाल्यात ५००० वर भागतं. हुंड्यात किमान पाच वर्षं कैद, आणि दंड १५,००० किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, जो जास्त असेल तो. घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही.

मामा : देणाऱ्यालाही?

ड्रायव्हर : हो मामा. आज बोललात ते दार चेपलं म्हणून. त्या दिवशी यादी लिहायला कोण बसलं होतं?

मामा : ...मीच. अक्षर चांगलं आहे माझं.

ड्रायव्हर : गाडी कितव्या नंबरला लिहिलीत?

मामा : लिहिली नाही. हे म्हणाले, गाडी कागदावर नको.

काका : आवाज हळू! माणसं बघताहेत.

मामा : बघू द्या. एवढे दिवस मीच हळू बोलत होतो.

लाउडस्पीकर : नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावं. मुहूर्त जवळ आलेला आहे.

काका : जा, जा मामा. हे सगळं नंतर बसून बोलू. आपण आता एका घरचे.

मामा : नंतर नाही. आधी लिहून द्या. पोरी, वही आण गं आहेराची!

लाउडस्पीकर : नवरीचे मामा... मामा जिथे असतील तिथून त्यांनी तातडीने...

काका : अहो, मुहूर्त टळेल!

मामा : टळू द्या पाच मिनिटं. लिहा.

काका : मुलाकडच्यांनी लिहायचं... आणि काय लिहू? दाराचं का गाडीचं?

मामा : आधी गाडीचं.

ड्रायव्हर : वर तारीख घाला. वेळही.

रीलवाला पोरगा : काका, जरा उजेडाकडे तोंड करून लिहा ना.