वाचलं, मान्य आहे

१ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनमधल्या गेमस्टेशन या दुकानाने ऑनलाइन खरेदीच्या अटींत ग्राहकाचा अमर आत्मा मागून घेतला. द्यायचा नसेल तर चौकटीत खूण करा, वर पाच पौंडांचं व्हाउचर घ्या, अशी सोयही ठेवली. हजारोंनी आत्मा दिला, व्हाउचर सोडलं. आयट्यून्सच्या करारात तर अण्वस्त्रं बनवायला मनाई होती! (गाणी ऐकता ऐकता कुणाचा हात कुठे वळेल, नेम नाही.) २००२ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने सुनावलं, की अटी डाउनलोडच्या बटणाखाली, स्क्रीनबाहेर दडवल्या तर ती संमती नव्हे. वकील शहाणे झाले. आता काही ठिकाणी पानभर मजकूर तळापर्यंत सरकवल्याशिवाय ‘मान्य’चं बटण उजळतच नाही. आपणही इमानेइतबारे सरकवतो, तीन सेकंदांत.